बाकावर बसलेल्या बाईला कोणी विचारलं का?

मैत्रिणींनो, आज सुरुवात एका कबुलीने करते.

माझ्या दवाखान्यात एक मावशी यायच्या. पहिल्यांदा आल्या त्या थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला. मग धाकटीच्या. मग सुनेची दोन बाळंतपणं झाली, मध्ये एकदा तिच्या पाळीच्या तक्रारी झाल्या. दहा वर्षांत मावशी वीसेक वेळा तरी माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसल्या असतील. मांडीवर पिशवी, पिशवीत सुनेची फाईल आणि कधीमधी माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा. मी जाता-येता विचारायचे, "काय मावशी, बरंय ना?" त्या हसून म्हणायच्या, "मला काय धाड भरलीय?"

अकराव्या वर्षी मावशी स्वतःसाठी आल्या. पाळी जाऊन सात वर्षं झाली होती आणि आता पुन्हा लाल जायला लागलं होतं. आठ महिने कुणाला सांगितलं नव्हतं. तपासलं तर गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती आणि ती बाजूला पसरलेली होती. तिसरा टप्पा. मोठ्या शहरात जाऊन किरणोपचार झाले, केमो झाली. पावणेदोन वर्षांनी मावशी गेल्या.

भेटायला आलेले लोक म्हणत होते, "बायका अशाच, दुखणं अंगावर काढतात." मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र हिशेब मांडला. मावशींनी दुखणं अंगावर काढलं ते आठ महिने. त्याआधीची दहा वर्षं त्या माझ्या दारात येत होत्या. तपासणी पाच मिनिटांची. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, "मावशी, सुनेचं झालं, आता तुम्ही आत या."

म्हणून "स्त्रियांमध्ये जागरूकता नाही" हे वाक्य ऐकलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. प्रत्येक शिबिरात, प्रत्येक भाषणात हे वाक्य असतं. ते खोटं नाही. पण ते आम्हा सगळ्यांच्या सोयीचं आहे, कारण त्यात दोष बाईचा ठरतो. माझं म्हणणं असं, की बाई तपासणीला येत नाही याचं पहिलं कारण तिला कोणी नीट बोलावत नाही, हे आहे. आणि हे म्हणायला माझ्याकडे पुरावा आहे. तो आपल्याच धाराशिव जिल्ह्यातला आहे. त्याकडे येतेच, पण आधी हा आजार थोडा समजून घेऊ.

गर्भाशय म्हणजे उलट्या ठेवलेल्या पेरूसारखा अवयव. त्याचं निमुळतं टोक योनिमार्गात उतरतं. ते गर्भाशयमुख. आपल्याकडे त्याला 'पिशवीचं तोंड' म्हणतात. या तोंडाचा कर्करोग भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल सर्वाधिक आढळतो. दर वर्षी देशात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्याने दगावतात.

याचं कारण आपल्याला माहीत आहे. बहुतेक सगळ्या कर्करोगांबाबत असं म्हणता येत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू याच्या मुळाशी असतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी तो गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काही स्त्रियांमध्ये मात्र तो मुक्काम ठोकतो. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १० ते २० वर्षं जातात.

ही १० ते २० वर्षं म्हणजे आपल्या हातातली संधी. या काळात बाईला काहीही त्रास नसतो. ना दुखणं, ना रक्तस्राव. पण तपासणीत बदललेल्या पेशी सापडतात आणि तेवढाच भाग काढून किंवा जाळून टाकता येतो. हा उपचार सहसा भूल न देता किंवा तेवढा भाग बधिर करून होतो आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. इतका सावकाश येणारा आणि इतका वेळ देणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या किती निघाल्या? १.९ टक्के. शंभरात दोन.

आता धाराशिवची गोष्ट. १९९९ साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून करायची तपासणी. चौथ्या गटाला नेहमीच्या सोयी आणि माहिती तेवढी दिली.

आठ वर्षांनी हिशेब झाला. नुसत्या माहितीच्या गटात या कर्करोगाने ६४ जणी दगावल्या होत्या. एकदाच, हो, आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात ३४. हे निष्कर्ष २००९ साली जगातल्या एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे जगभरातल्या तज्ज्ञांनी एचपीव्ही तपासणीच्या बाजूने सल्ला दिला, त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक. चौथ्या गटाला तपासणीच न देणं योग्य होतं का, यावर नंतर बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. या ज्ञानाची किंमत आपल्या बायकांनी मोजली आहे, एवढं तरी आपण विसरू नये.

पण मला त्यातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. ज्या स्त्रियांना तपासणीला बोलावलं त्यांच्यापैकी किती आल्या? शंभरात जवळपास ऐंशी! पंचवीस वर्षांपूर्वीचा मराठवाडा. कोरडवाहू शेती, डोक्यावर पदर, पुष्कळशा जणी निरक्षर. लाज त्यांनाही होती. भीतीही होती. घरात विचारावं लागतच होतं. तरी त्या आल्या.

का आल्या? कारण कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. तपासणी गावातच किंवा जवळपास होती. तपासणारी प्रशिक्षित सिस्टर, म्हणजे बाईच होती. पैसे पडत नव्हते. आणि काही निघालं तर पुढे कुठे जायचं, हे ठरलेलं होतं.

मुंबईतही हेच दिसलं. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात तपासणी डॉक्टरांनी केलीच नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवडे प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी व्हीआयए तपासणी केली. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगर, कापूस, उजेड आणि शिकलेला डोळा, एवढ्यावर.

म्हणजे बोलावलं तर ऐंशी, नाही बोलावलं तर दोन. मधल्या अठ्ठ्याहत्तर जणींचा दोष कुणाच्या माथी मारायचा?

२०२४च्या फेब्रुवारीत एका अभिनेत्रीचा या कर्करोगाने मृत्यू झाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती बातमी खोटी, 'जागृती'साठी पसरवलेली. दोन दिवस घराघरात या आजाराचं नाव होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे तपासणीसाठी किती जणी आल्या असतील? एकही नाही. नाव कळणं आणि टेबलापर्यंत पोहोचणं यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते बातमीने कापलं जात नाही.

त्या अंतरात काय काय असतं, ते मी बाकाच्या अलीकडून रोज ऐकते. तुमच्याही मनात यातलं काही असेल.

"मला काही त्रासच नाही." अहो, म्हणूनच! त्रास सुरू झाल्यावर करतो ते निदान. त्रास नसताना करतो ती ही तपासणी. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, वास मारणारं पाणी जाणं, ही लक्षणं असतील तर तपासणीची वेळ उलटून गेली असं समजा आणि आजच डॉक्टरांकडे जा.

"लाज वाटते." वाटणारच. बाळंतपणात काय लाज राहते, असं बायकांना सुनावणाऱ्या डॉक्टर आणि सिस्टर मी पाहिल्या आहेत. अशी एक वाईट वागणूक मिळालेली बाई पुन्हा दहा वर्षं टेबलावर चढत नाही आणि तिच्या तीन मैत्रिणींनाही चढू देत नाही. तेव्हा लाज हा तुमचा दुर्गुण नाही, ती सांभाळणं आमचं काम आहे. पडदा हवा, अंगावर चादर हवी, शेजारी बाई हवी. "थांबा" म्हटलं की डॉक्टरांनी थांबायला हवं. हे सगळं मागायचा तुम्हाला हक्क आहे. शिवाय आता एचपीव्ही तपासणीचा नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो. पडद्याआड एक मऊ ब्रश योनिमार्गात फिरवायचा आणि नळीत ठेवायचा. जागतिक आरोग्य संघटनेची याला मान्यता आहे. सगळीकडे अजून ही सोय नाही, पण विचारा. मागणी वाढली की सोय येते.

"आमच्यात तसलं काही नाही." हा विषाणू शरीरसंबंधातून येतो म्हटलं की बायका एकदम गप्प होतात. तपासणीला हो म्हणणं म्हणजे चारित्र्यावर बोट ठेवून घेणं असं वाटतं. कधी नवऱ्यावर संशय घेतल्यासारखं होईल, अशीही भीती असते. म्हणून स्पष्ट सांगते. आयुष्यात एकच जोडीदार असलेल्या बाईलाही हा विषाणू असू शकतो. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुठलीही तपासणी सांगत नाही. एचपीव्ही निघाला म्हणजे कुणाचं वागणं सिद्ध होत नाही. घरात भांडण करण्यासारखं त्यात काहीही नाही.

"काही निघालं तर?" ही सगळ्यांत खरी भीती. पण निघतं ते बहुतेक वेळा कर्करोग नसतं. एचपीव्ही सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. पॅपमध्ये बदल दिसला तरी तसं नाही. पुढची तपासणी म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख नीट पाहणं, गरज वाटल्यास छोटा तुकडा काढणं आणि बदल असेल तर तेवढ्या भागावर उपचार.

"वेळ कुठाय?" सोयाबीनची काढणी, मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं ऑपरेशन. एक दिवस दवाखान्यात म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, वर जायचं-यायचं भाडं. नवऱ्याला काय सांगायचं? "दुखत नाही तर कशाला जातेस?" या प्रश्नाला घरात उत्तर नसतं. हा अडथळा बाईच्या डोक्यात नाही, तिच्या घरात आणि आपल्या व्यवस्थेत आहे. म्हणून हा लेख वाचणाऱ्या पुरुषांनो, तुमच्याशीही बोलते आहे. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग बंद पडायच्या आधी करता ना? बायकोला, आईला स्वतःहून म्हणा, "चल, मी येतो बरोबर." तिला परवानगी मागायची वेळच येऊ देऊ नका.

आणि या भीतीचं एक काळं रूपही आपण पाहिलं आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ऐन तिशीत पिशवी काढलेल्या कितीतरी जणींनी सांगितलं, "पुढे कॅन्सर होईल, असं म्हणाले." पांढरं पाणी, कंबरदुखी, पाळीच्या तक्रारी, एवढ्यावर. जरा विचार करा. ज्या बाईबद्दल आपण म्हणतो की ती तपासणीला तयार होत नाही, तीच बाई उचल घेऊन, कर्ज काढून पोट फाडून घ्यायला तयार झाली. कर्करोगाची भीती तिला होतीच. जागरूकताच म्हणा ना! फक्त त्या भीतीवर तिला कुणी साधी तपासणी देऊ केली नाही, थेट ऑपरेशन देऊ केलं. तपासणी न करता कुणी तुम्हाला "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं म्हणालं, तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता कामाचं थोडक्यात सांगते.

वय ३० झालं की तपासणी सुरू करा आणि ६५पर्यंत चालू ठेवा. पाळी गेली तरी ती थांबवायची नाही. एचपीव्ही तपासणी करत असाल तर दर पाच वर्षांनी, पॅप करत असाल तर दर तीन वर्षांनी. व्हीआयए शासकीय कार्यक्रमात दर पाच वर्षांनी सांगितली आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात, आता ज्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, आशाताईंना विचारा. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी २५पासूनच आणि अधिक वेळा तपासणी करायची. कर्करोग सोडून दुसऱ्या कारणाने गर्भाशय तोंडासकट काढलं असेल आणि आधी पेशींमध्ये बदल आढळला नसेल, तर सहसा गरज नसते. पण काही शस्त्रक्रियांत तोंड मागे ठेवतात, तेव्हा जुने कागद दाखवून खात्री करून घ्या.

तपासणीला पाळी चालू नसताना या. दोन दिवस आधीपासून संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या आणि आतून धुणं टाळा. पॅपमध्ये बदकाच्या चोचीसारखं एक साधन हलकेच आत घालतात, ब्रशने पेशी घेतात, झालं. थोडं अवघडल्यासारखं होतं, क्वचित एखादा लाल ठिपका दिसतो. रिपोर्ट मात्र नक्की आणायचा. रिपोर्ट न नेणं म्हणजे तपासणी न करण्यासारखंच आहे.

मुलींसाठी लस आहे. ९ ते १४ हे तिचं सर्वांत योग्य वय, कारण लस विषाणूशी गाठ पडायच्या आधी घ्यायची असते. या वयात दोन डोस देतात. जागतिक आरोग्य संघटना आता एक डोसही पुरेसा मानते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय बनावटीची लस २०२३ पासून बाजारात आहे. मोफत कुठे मिळते, हे आरोग्य केंद्रात विचारा. आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लस कर्करोगास कारण ठरणाऱ्या सगळ्या एचपीव्ही प्रकारांना रोखत नाही.

आणि माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींना एक विनंती. आपण फक्त स्त्रीरोगतज्ज्ञ असायला हवं असं नाही. साखर तपासायला येणारी, गुडघे दुखतात म्हणून येणारी, नातवाला लस द्यायला आलेली, या सगळ्या त्याच वयाच्या बायका आहेत. एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. मुंबईच्या वस्तीतल्या दहावी शिकलेल्या बायकांनी जे करून दाखवलं, ते आपल्याला जमू नये?

मावशी गेल्या त्यानंतर आमच्या दवाखान्यात एक बदल केला. सिस्टर आता पेशंटबरोबर आलेल्या प्रत्येक बाईला विचारते, "तुमची तपासणी झालीय का?" पुष्कळ जणी आधी हसतात. "अहो, मी पेशंट नाही, मी हिच्याबरोबर आलेय." सिस्टर म्हणते, "असू दे, आलाच आहात तर या आत." रोज एक-दोघी येतात. मावशींची सूनही आली. टेबलावरून उतरताना म्हणाली, "अत्या कितीदा आल्या हो इथं." मी काय बोलणार?

तुमच्या दवाखान्यात कुणी असं विचारेलच, याची खात्री मला देता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी लेकीला, सुनेला, सासूला घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा तिचं झालं की लगेच उठू नका. म्हणा, "डॉक्टर, माझंही बघायचंय."